एसटीतली वरपरीक्षा

एसटीच्या गाडीत ठिकठिकाणी ज्या सूचना रंगवलेल्या असतात, त्या सगळ्याच्या सगळ्या पाळणारा एकच माणूस मी आजवर पाहिलाय, आणि तो बदलापुरात माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. हिंदुराव. ‘सुटे पैसे द्यावेत’ असं लिहिलंय म्हणून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम नाणी खुळखुळत असतात. ते जिना उतरायला लागले की कुल्फीवाला आला असं वाटून चाळीतली पोरं बाहेर येतात. ‘धूम्रपान करू नये’ म्हटलंय म्हणून यांनी बिडी सोडली, ती घरीसुद्धा. आणि ‘चालकाशी बोलू नये’ ही सूचना तर त्यांनी इतकी मनावर घेतली की आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका एसटी ड्रायव्हरशी ते नळावरसुद्धा बोलत नाहीत. त्या बिचाऱ्याला कित्येक वर्षं वाटतंय, आपल्या हातून काहीतरी घडलेलं दिसतंय.

गाडीत हिंदुराव गुडघे जुळवून बसतात. पेपर एवढ्याशा घडीत वाचतात, म्हणजे शेजाऱ्याच्या नाकात कोपरा जात नाही. ओली छत्री स्वतःच्याच पायावर ठिबकेल अशी धरतात. मूल घेतलेली बाई पायरीवर दिसली की हे उठून उभे. उभ्या माणसाची पिशवी आपणहून मागून घेतात आणि मांडीवर ठेवतात. इतका सज्जन प्रवासी शेजारी मिळाल्यावर कोणालाही आनंद व्हावा. तो होत नाही, कारण पिशवी मांडीवर घेतली की हिंदुराव ती एकदा हळूच दाबून बघतात. आणि जागा दिल्यावर, हे मूल त्या बाईचंच आहे ना, असा एक प्रश्न त्यांच्या डोळ्यांत चमकून जातो.

दोष त्यांचा नाही, त्यांच्या खात्याचा आहे. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते उमेदीची सगळी वर्षं तपासणी खात्यात आहेत. भोकं पाडलेले लोखंडी तुकडे त्यांच्या टेबलावर येतात. त्यांच्या हातात एक पोलादी दांडी असते, तिला गेज म्हणतात. तिचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाताच कामा नये. तसं झालं तर तुकडा पास, नाहीतर भंगार. या दांडीतून दिवसभर जगाकडे बघितलेला माणूस संध्याकाळी दूधवाल्याकडे कसा बघणार? हिंदुराव गॅसचं सिलिंडर हलवून घेतात, लग्नपत्रिकेवरचा वार कॅलेंडरशी ताडून बघतात. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कापड घ्यायला गेलं की सिंधी दुकानदार ‘आओ साईं, बैठो’ म्हणून थंडा मागवतो. हिंदुराव बाटलीला हात लावत नाहीत. मला कानात सांगतात, ‘‘फुकट पाजतोय म्हणजे कापडात मारणार.’’ घरी येऊन कापड मोजतात. ते बरोबर भरतं. मग म्हणतात, ‘‘आज सोडलं त्यानं आपल्याला.’’

त्यांच्या खात्यातली एक समजूत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. टोपलीभर माल तपासला आणि एकही तुकडा वाईट निघाला नाही, तर खूश व्हायचं नाही. वरून तेलपाणी करून कोणीतरी आपल्याला बनवतंय असं समजायचं आणि टोपली पुन्हा उलटी करायची.

ही समजूत घेऊन ते जावई शोधायला निघाले.

त्यांना एकुलती एक मुलगी, नीलिमा. बदलापुरातच एका शिवणक्लासात शिकवायची. स्थळं येऊ लागली तसा हिंदुरावांनी आपला सिद्धांत मांडला: मुलगा बघायचा तो घरी नाही, गाडीत.

‘‘घरी पोहे खाताना कोण वाईट वागतो हो?’’ ते मला म्हणाले. ‘‘तिथं सगळे साधुसंत. गाडीत गर्दी असते, ऊन असतं, ओळखीचं कोणी नसतं. तिथं माणूस टोपलीतून बाहेर पडतो.’’

पहिला मुलगा बँकेतला होता. हिंदुराव गुपचूप त्याच्यामागून कल्याणच्या बसमध्ये चढले. त्यानं बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. भंगार. दुसऱ्यानं म्हाताऱ्याला जागा दिली खरी, पण देताना कोणकोण बघतंय ते बघितलं. तोही भंगार.

तिसरं स्थळ बनूबाईंनी आणलं. बनूबाई लग्नं जमवतात आणि जमली नाहीत तर रागावतात, म्हणून बरीचशी जमतात. मुलाचं नाव महिपती. नाव आजोबांचं, वय सव्वीस. वडील साताऱ्याकडून बारवी धरणाच्या कामावर आले ते इकडेच जमीन घेऊन राहिले. आता ते नाहीत; आई विठाबाई भातशेती बघते. महिपती उल्हासनगरला शिवणयंत्रं दुरुस्त करायचा आणि रोज गावाहून एसटीनं ये-जा करायचा. सन एकोणनव्वदचा डिसेंबर होता.

‘‘बाबा, याला मी बघितलंय,’’ नीलिमा म्हणाली.

‘‘कुठं?’’

‘‘क्लासात. मशिन दुरुस्त करायला येतो.’’

‘‘बोललीस?’’

‘‘दोरा सारखा का तुटतो, विचारलं.’’

‘‘मग?’’

‘‘ताण जास्त झालाय म्हणाला.’’

‘‘कसला ताण?’’

‘‘दोऱ्याचा, बाबा.’’

हिंदुरावांनी तिच्याकडे टोपली उलटी केल्यासारखं बघितलं. नीलिमानं हातातला टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, ‘‘मला हा पसंत आहे. तुम्हाला गाडीतली तपासणी करायची असेल तर करा. पण तुमच्या तपासणीत हे मोडलं तर यापुढं मी कोणासमोर पोह्यांची बशी घेऊन येणार नाही. मग सगळ्या एसट्या तपासत बसा.’’

नीलिमा फार बोलत नाही आणि बोललेलं फिरवत नाही. रखमाबाई, म्हणजे तिची आई, नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, ‘‘अहो, ऐकलंत ना?’’

ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी हिंदुरावांनी रजा टाकली.

आता अडचण अशी, की मुलगा गाडीत चढताना बघायचा तर त्याच्या आधी आपण गाडीत असलं पाहिजे. म्हणून हिंदुराव पहाटेच्या पहिल्या एसटीनं बदलापूरहून थेट बारवी धरणापर्यंत जायचे. तिथं गाडी वळायची. हे खाली न उतरता तसेच बसून राहायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे. वाटेत महिपतीचं गाव. वेशांतर म्हणून मफलर डोक्याला गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात घरातली एक कापडी पिशवी. आरशासमोर उभे राहून ते मला म्हणाले, ‘‘आता रखमासुद्धा ओळखणार नाही.’’ रखमाबाई आतून म्हणाल्या, ‘‘जाताना दूध तेवढं आत घ्या.’’

पहिल्या दिवसाचा अहवाल मला संध्याकाळी गॅलरीत मिळाला. हिंदुराव अस्वस्थ दिसत होते.

‘‘वाईट वागला का?’’ मी विचारलं.

‘‘नाही ना. तेच तर.’’

झालं होतं असं. महिपती चढला, हत्यारांची पिशवी कोणाच्या पायावर येणार नाही अशी सीटखाली सारली. पुढच्या थांब्यावर आवडी नावाची बाई चढली. ती तिथल्याच एका वाडीवरची. बदलापूरच्या बाजारात भाजी, कोंबड्या विकायची. डोक्यावर पाटी, कडेवर पोर, काखेत कोंबडी. महिपतीनं पाटी उतरवून घेतली, जागा दिली. पोर रडायला लागलं, तेव्हा आवडीनं न विचारताच कोंबडी त्याच्या हातात दिली. आणि हा माणूस बदलापूरपर्यंत एका हातानं दांडा आणि एका हातानं कोंबडी धरून उभा राहिला.

‘‘कोंबडीनं त्याच्या शर्टावर घाण केली,’’ हिंदुराव आवाज खाली आणून म्हणाले. ‘‘याच्या चेहऱ्यावर काही नाही. रुमालानं पुसलं आणि पुन्हा धरली. मला सांगा, सरळ माणूस असं करील का?’’

‘‘चांगला मुलगा आहे हो.’’

‘‘इतका?’’

त्या ‘इतका’वर काय बोलणार?

मग त्यांनी नुसतं बघायचं सोडून खरी तपासणी सुरू केली. म्हणजे आपणच वाईट वागायचं आणि मुलगा कुठं तडकतो ते बघायचं. साक्षीदार पाहिजे म्हणून मला नेलं, पण पाठीमागच्या सीटवर बसवलं आणि ओळख दाखवायची नाही अशी ताकीद दिली.

आयुष्यभर गुडघे जुळवून बसलेल्या माणसाला पाय पसरणं किती जड जातं ते मी त्या सकाळी पाहिलं. ‘तिघांसाठी’च्या सीटवर हिंदुराव आधी नेहमीसारखे बसले. मग आठवण झाली, तसा एक पाय वीतभर सरकवला. इकडेतिकडे बघितलं. आणखी वीतभर. पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या, एक फोडली आणि टरफल खिशात टाकलं. मग चूक लक्षात आली. खिशातून टरफल काढून त्यांनी ते जमिनीवर टाकलं आणि डोळे मिटून घेतले.

महिपती येऊन शेजारी बसला.

‘‘खिडकी लाव,’’ हिंदुराव म्हणाले. त्यानं लावली.

‘‘उकडतंय, उघड.’’ उघडली.

‘‘वारा लागतोय.’’ पुन्हा लावली.

‘‘पेपर बघू.’’ त्यानं अख्खा पेपर दिला.

‘‘पाणी आहे का?’’ त्यानं बाटली दिली. हिंदुरावांनी ती तोंडाला लावली. मी मागे बसून शहारलो. या माणसाच्या घरी पाहुण्यानं तांब्याला तोंड लावलं तर तांब्या चिंचेनं घासला जातो. बाटली रिकामी करून त्यांनी परत दिली. महिपती म्हणाला, ‘‘अजून पाहिजे तर बदलापूरला भरून देतो.’’

मग आवडी चढली. गाडी भरलेली. तिसऱ्या जागेवर हिंदुरावांची पिशवी विराजमान होती.

‘‘ओ बाबा, पिशवी घ्या की वर,’’ आवडी म्हणाली.

‘‘पिशवीत काच आहे,’’ हिंदुराव म्हणाले, आणि एक शेंग फोडली.

महिपती उठला, आवडीला जागा दिली. मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘ओ पाव्हणं, सीट काय बापाची हाय का?’’

‘‘हो,’’ हिंदुराव म्हणाले.

आणि हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी मोकळं झालं होतं. त्यांनी दुसरा पाय पसरला. मफलर सैल केला. ड्रायव्हरला मोठ्यानं म्हणाले, ‘‘चल की रे, बैलगाडी आहे का?’’ पुढं जांभई दिली, तीसुद्धा आवाज करून. उतरल्यावर मला म्हणाले, ‘‘फार कठीण गेलं बघा मला.’’ पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते माझ्याआधी तयार होऊन दारात उभे होते, आणि शेंगा दुप्पट घेतल्या होत्या.

असे काही दिवस गेले. हिंदुरावांनी महिपतीच्या खांद्यावर डोकं टाकून घोरून बघितलं, त्याच्या चपलेवर पाय दिला, उतरणाऱ्यांच्या आधी दारात उभे राहून वाट अडवली. मुलगा कुठेच तडकेना. ‘सावकाश’ म्हणायचा आणि सरकून बसायचा. रोज संध्याकाळी गॅलरीत हिंदुरावांचा संशय वीतभर वाढलेला असायचा.

‘‘एकही तुकडा वाईट नाही,’’ ते म्हणायचे. ‘‘मला तर आता भीती वाटायला लागलीय. हा माणूस काय लपवतोय?’’

‘‘पण बाबा,’’ नीलिमा आतून म्हणायची, ‘‘टोपली चांगली असली तर काय करतात तुमच्या खात्यात?’’

‘‘अशी टोपली अजून आलेली नाही.’’

हिंदुरावांचा घोटाळा कुठं झाला, सांगतो. कल्याणची बस आणि बारवीची बस त्यांनी एकाच मापात धरली. कल्याणच्या बसमध्ये कोण कोणाचा असतो? पण बारवीची एसटी म्हणजे चाक लावलेलं गाव. त्या गाडीत सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. सीटवर बसल्या बसल्या जमिनीचे, जावेचे, म्हशीचे विषय निघतात. एक मी सोडला तर त्या गाडीत अनोळखी माणूस एकच होता, आणि तो मफलर बांधून, काळा चष्मा लावून, रोज धरणापर्यंत जात होता आणि खाली न उतरता परत येत होता.

कंडक्टरनं आधी हे वेड असेल म्हणून सोडून दिलं. मग त्याला वाटलं, हा एसटीचा तपासनीस असावा. दोन दिवस त्यानं सगळ्यांना फार अदबीनं तिकिटं दिली. मग हिंदुरावांनी वाट अडवणं सुरू केलं तेव्हा ती शंका फिटली आणि दुसरी आली. धरणाच्या पाण्याकडे हा रोज काय बघतो? त्या वर्षांत बेवारस पिशव्यांना हात लावू नका असं जिकडेतिकडे लिहिलेलं असायचं, आणि याच्या पिशवीला तर हा कोणाला हात लावू देत नव्हता. आत काच आहे म्हणाला होता. वाड्यांवरच्या बायका आपसात बोलायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं पोलीस पाटलाला कळवायचं ठरवलं.

तेवढ्यात एक दिवस त्या गाडीवर ड्यूटी लागली ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरची. कंडक्टरनं त्याला आरशातून माणूस दाखवला. ड्रायव्हरनं एकदाच बघितलं.

‘‘हा होय? हा आमच्या चाळीतला हिंदुराव. कोणाशी बोलत नाही. पोरीचं लग्न जमवतायत ना, इकडच्याच कुठल्या मशिनवाल्याशी.’’

संध्याकाळपर्यंत ही बातमी विठाबाईंच्या अंगणात पोहोचली होती.

बनूबाई आल्या त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. ‘‘तिकडून नकार आलाय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘नकार?’’ हिंदुराव उठून उभे राहिले. नकार हा शब्द त्यांनी आजवर फक्त शिक्का म्हणून वापरला होता. ‘‘माझ्या मुलीला? काय कारण?’’

‘‘मुलीबद्दल काही नाही. बापाबद्दल ऐकलंय म्हणतात. विठाबाईंचा निरोप आहे, जो माणूस पोर घेतलेल्या बाईला जागा देत नाय, त्याच्या घरचं पाणी आमच्या घरी नको.’’

रखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. नीलिमा मशिनवर बसली होती. तिनं पायडल थांबवलं, अर्धवट शिवलेलं झबलं मशिनवर तसंच सोडून आत गेली. दोन दिवस घरात मशिनचा आवाज आला नाही. हिंदुराव गॅलरीत येऊन उभे राहायचे आणि पुन्हा आत जायचे. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले.

‘‘आपण जाऊ या. सगळं सांगून टाकतो त्यांना.’’

‘‘काय सांगणार?’’

‘‘खरं काय ते. मी तसा नाही म्हणून.’’

‘‘मीसुद्धा येणार,’’ नीलिमा दारातून म्हणाली.

‘‘मुलीनं असं आपणहून मुलाकडं जायचं नसतं ग,’’ रखमाबाई म्हणाल्या.

‘‘बाबांनी तरी जायचं असतं का?’’

रविवारी आम्ही चौघं निघालो. मफलर नाही, चष्मा नाही. हिंदुराव पूर्वीसारखे गुडघे जुळवून बसले. गाडी भरत गेली. एक म्हातारी चढली, तसे ते झटक्यात उठले. ‘‘बसा आजी.’’

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं, मग सीटकडे बघितलं. ‘‘नको बाबा. तुलाच लखलाभ.’’

‘‘अहो बसा ना.’’

‘‘आज काय नवीन काढलंस?’’

हिंदुरावांनी मागच्या माणसाला जागा दाखवली. तो खिडकीबाहेर बघायला लागला. एका पोरगेल्या आईला दाखवली; तिनं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागे सरकली. हिंदुराव काही पुन्हा बसेनात, कारण आता बसले तर जागा अडवली असं होणार. ती सीट तशीच रिकामी राहिली आणि तिच्याभोवती दाटीवाटीनं गाडी उभी होती. हिंदुरावांनी उभ्या माणसाची पिशवी धरायला हात पुढं केला, तर त्यानं ती छातीशी घट्ट धरली. आमच्या हिंदुरावांकडे त्या दिवशी अख्खी एसटी हिंदुरावांच्या नजरेनं बघत होती.

विठाबाईंच्या ओटीवर घोंगडी अंथरली होती, पण बसा म्हणायला कोणी पुढं आलं नाही. विठाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. महिपती दाराशी उभा होता. त्यानं नीलिमाकडे बघितलं आणि नीलिमानं ओटीच्या खांबाकडे.

हिंदुराव उभ्या उभ्याच बोलले. सगळं सांगितलं. बँकवाल्याचा रुमाल, दुसऱ्याची नजर, मफलर, शेंगा, बाटली. ‘‘मी तसा नाही हो,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘मी मुद्दाम तसा वागत होतो.’’

‘‘मुद्दाम वाईट वागायचं,’’ विठाबाई सूप खाली न ठेवता म्हणाल्या, ‘‘आन् मंग आमी इस्वास ठेवायचा, का आतून चांगलं हायेत. आवं, वंगाळ माणसं बी तसंच सांगत्यात.’’

कुंपणापाशी आवडी येऊन उभी होती. हिंदुराव गावात उतरलेत हे तिला कळलं होतं आणि असला कार्यक्रम ती चुकवणार नव्हती. विठाबाईंनी तिलाच विचारलं, ‘‘काय ग आवडे, ह्योच ना त्यो?’’

‘‘ह्योच. पन तुला एक सांगते विठा. गाडीत मला बसाया दिलं नाय. आन् बदलापूरला उतरल्यावर, तुझा पोरगा म्होरं गेल्यावर, माज्या मागं धावत आला. पाटी डोक्यावर चढवून दिली. पोराला शेंगा दिल्या. मी तवाच मनाशी म्हनलं, ह्या बाबाच्या मनात कायतरी हाय. मी त्या शेंगा पोराला खाऊ दिल्या नाय.’’

हिंदुराव खाली बघायला लागले. मला हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

विठाबाईंचं सूप जरा थांबलं. तेवढ्यात महिपती बोलला. ‘‘आई, मला माहीत होतं.’’

‘‘काय?’’

‘‘हे कोण ते. पहिल्या दिवशी नाही कळलं. दुसऱ्या दिवशी शेंगांची पिशवी बघितली. तिच्यावर क्लासचं नाव भरलंय, लाल दोऱ्यात. वर मफलर, चष्मा. मग समजलं.’’

हिंदुरावांनी माझ्याकडे बघितलं. साऱ्या कारखान्याचा माल तपासणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातातली पिशवी वाचली नव्हती. पण शरम त्यांच्या चेहऱ्यावर टिकली नाही. तिच्या जागी हळूहळू विजय पसरायला लागला.

‘‘म्हणजे ते सगळं खोटं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘खिडकी, पेपर, पाणी. मी म्हणतच होतो. सांगा, मी म्हणत नव्हतो?’’

‘‘अहो,’’ रखमाबाई दातओठ खाऊन म्हणाल्या.

‘‘थोडं खोटं होतं,’’ महिपती म्हणाला. ‘‘बाटलीला तोंड लावलंत तेव्हा मला राग आला होता.’’

‘‘दाखवला का नाहीस?’’

‘‘लग्न करायचंय म्हणून.’’

‘‘अन् घरी बघा त्याला,’’ विठाबाई आता सूप बाजूला ठेवून म्हणाल्या. मुलगा इतका चांगला ठरतोय हे त्यांनाही पटत नसावं. ‘‘चपला दारात कवा सरळ काढत न्हाय. जेवलेलं ताट उचलत न्हाय. धा हाका मारल्या तरी ‘आलो’ म्हनतो आन् येत न्हाय. मागल्या सुगीत बहिनीशी भांडला तर महिनाभर बोलला न्हाय. लई तापट हाय. बापावर गेलाय.’’

विठाबाई एकेक दोष सांगत होत्या आणि हिंदुरावांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत होत्या. शेवटी ते घोंगडीवर बसलेच, कोणी बसा म्हटलं नव्हतं तरी.

‘‘तापट आहे?’’ त्यांनी खात्री करून घेतली.

‘‘लई.’’

‘‘मग ठीक आहे,’’ हिंदुराव म्हणाले. ‘‘मग माझी काही हरकत नाही.’’

‘‘तुमची हरकत कोण इचारतंय,’’ विठाबाई म्हणाल्या. ‘‘हरकत माझी हाय. हा माणूस खोटं वाईट वागतो, ह्यो पोरगा खोटं चांगलं वागतो. उद्या ह्या दोघांनी माझ्या घरात काय काय केलं तर मी खरं कुठलं समजू?’’ मग त्या वळल्या. ‘‘तू बोल ग. तू कशी वागतीस गाडीत?’’

रखमाबाई डोळ्यांनी खुणा करत होत्या: सांग, मोठ्यांना जागा देते म्हणून सांग. नीलिमानं त्या बघितल्या आणि नजर काढून घेतली.

‘‘मला गाडी लागते,’’ ती म्हणाली. ‘‘खिडकी मिळाली तर बरी असते. नाही मिळाली तर मागते. दिली नाही तर भांडते. आता येतानासुद्धा बाबांची सीट रिकामी होती, पण ती मधली होती म्हणून मी माझी खिडकी सोडली नाही. म्हातारीला माझी जागा द्यायला पाहिजे होती, ते आत्ता कळतंय. तेव्हा उलटी येत होती.’’

आवडी कुंपणाबाहेरून हसली. विठाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. नीलिमाचा चेहरा पांढरा पडला होता. ती खांबाला धरून उभी होती आणि महिपती तिच्याकडे उघडउघड बघत होता, आता लपवण्यासारखं काही उरलं नसल्यासारखा.

विठाबाई बाहेर आल्या त्या तांब्या आणि वाटीत आल्याचा तुकडा घेऊन. ‘‘हे चघळ,’’ त्या नीलिमाला म्हणाल्या. ‘‘परत जाताना महिपती खिडकी धरून देईल. आन् बस खाली, उभी काय ऱ्हायलीस.’’ मग पदरानं हात पुसत हिंदुरावांना म्हणाल्या, ‘‘सुपारी कवा फोडायची ते बोला.’’

रखमाबाईंनी डोळे पुसले. आवडी ‘‘मी पन येनार सुपारीला’’ म्हणत आत आली. हिंदुरावांनी तोंड उघडलं, रखमाबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘येत्या रविवारी.’’

मग सगळे बोलण्यात गुंतलेत असं बघून ते माझ्याकडे सरकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘फारच पटकन तयार झाल्या हो. काही असेल का?’’